संगणक तापला म्हणजे जळाला का?

वाचकहो, या वेळची गोष्ट एका पाचशे रुपयांच्या पावतीपासून सुरू होते. ती पावती आमच्याच हाताने फाडली गेली. ती फाडायला नको होती, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळले.

शनिवार पेठेत नदीच्या अंगाला एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही काही मंडळी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. खोली एकच. वर पत्रा, खाली लाकडी फळ्या, भिंतीचा चुना रोज थोडाथोडा गळतो. मुले मंगळवार पेठेतून, दत्तवाडीतून, कुणी पीएमपीने तर कुणी चालत येतात. घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे असतात, पाठांतर करायला जागा नसते, म्हणून येतात. अभ्यासिकेत एक संगणक आहे. एका कार्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित झालेला तो जुना संगणक आम्ही अर्ज करून मिळवला होता. परीक्षेचे अर्ज, प्रवेशपत्रे, जुन्या प्रश्नपत्रिका, सारे त्याच्यावरच.

गेल्या एप्रिलात एका सकाळी तो सुरूच झाला नाही. आदल्या रात्री एक मुलगा त्याच्यावर व्हिडिओचे काम लावून गेला होता. सकाळी वर्तमानपत्रे टाकणारा, दुपारी कॉलेजला जाणारा हा मुलगा लग्नाच्या व्हिडिओंची जुळणी करून चार पैसे मिळवायला शिकत होता. यंत्र रात्रभर चालू राहिले. दुकानात नेले तेव्हा दुकानदाराने झाकण उघडले, हात लावला आणि निकाल दिला, "ओव्हरहीट होऊन प्रोसेसर जळाला. बोर्डही गेलं. नवा जोड घ्या, साडेनऊ हजार होतील."

झाले. मुलांनी ठरवले, याने जाळला. आम्हीही चार शब्द कडक बोललो, ते इथे कबूल करतो. दोन दिवसांनी मुलाची आई आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "जयभीम दादा. पोराच्या पगारातनं महिन्याला पाचशे कापून घ्या, पण त्याला बसू द्या इथं. घरी त्याचा अभ्यास होत नाही हो." पहिले पाचशे तिने पदरातून काढून दिले. आम्ही पावती फाडली. मुलगा मात्र लाजेने यायचा बंद झाला.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. विजेच्या शास्त्रातले आम्हाला फारसे कळत नाही, हिशेब मात्र कळतो. आणि या हिशेबात काहीतरी चुकते आहे असे मनाला लागून राहिले. एका रात्रीत प्रोसेसर खरेच जळतो का? यंत्र तापले की त्याला कायमची इजा होते का? याची चौकशी करायची असे ठरवले. जाणत्या लोकांना विचारले, वाचले आणि एका दुसऱ्या कारागिराच्या शेजारी बसून डोळ्यांनी पाहिले. ते सारे आज सांगतो. कारण आपल्या घरात संगणक किंवा लॅपटॉप येतो तो बहुधा हप्त्याने, भिशीच्या पैशाने किंवा जुना विकत घेऊन. तो "जळाला" असे कुणी म्हटले की आपण निमूटपणे पैसे काढून देतो.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे त्या अख्ख्या पत्र्याच्या पेटीला "सीपीयू" म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, पेटीच्या आत असतो. तो बिस्किटाएवढा चौकोन असतो आणि त्याच्या पोटातली सिलिकॉनची चकती तर नखाएवढी. तिच्यात कोट्यवधी बारीक बटणे असतात. ती सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी थोडी वीज खातात. खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते.

घरगुती संगणकातला साधा प्रोसेसर भर कामात 65 वॅटच्या आसपास वीज घेतो. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब आठवा, त्याच्या काचेला हात लावता येत नसे. इथे तेवढीच उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर पडते. इस्त्री हजार वॅटची असली तरी तिचा तळ तळहाताहून मोठा असतो. जागेच्या मानाने मोजले तर प्रोसेसरची धग इस्त्रीपेक्षा कितीतरी जास्त भरते.

ही धग काढून घेण्यासाठी त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पात्यांचा ठोकळा बसवतात, त्याला हीट सिंक म्हणतात. वर पंखा असतो. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्या मध्ये थर्मल पेस्ट नावाचा मलम लावतात. दोन धातू दिसायला कितीही सपाट असले तरी त्यांच्यामध्ये बारीक फटी राहतात, फटीत हवा राहते आणि हवा उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही. मलम त्या फटी भरतो. मलम वाळला, पात्यांत धूळ बसली किंवा पंखा अडकला, की उष्णतेची वाट बंद.

आता मुख्य प्रश्न. वाट बंद झाली तर प्रोसेसर जळतो का?

एके काळी जळत असे. 2001 साली टॉम्स हार्डवेअर नावाच्या परदेशी प्रकाशनाने एक प्रयोग केला. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरचा हीट सिंकच उचलून घेतला. एएमडी कंपनीच्या ॲथलॉन प्रोसेसरचा क्षणात धूर निघाला आणि तो कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम 3 गोठल्यासारखा थांबला, पण वाचला. पेंटियम 4 ने स्वतःचा वेग कमी केला आणि रडतखडत काम चालूच ठेवले. फरक एवढाच होता की पेंटियमच्या आत तापमान मोजून स्वतःला आवरण्याची सोय होती. त्यानंतर ही सोय सगळीकडे आली.

आजच्या प्रोसेसरच्या पोटातच तापमान मोजणारे ठिपके असतात. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरांची 95. त्या रेषेजवळ पोहोचताच प्रोसेसर आपला वेग उतरवतो. तेव्हा संगणक मंद झाला असे आपल्याला वाटते. त्यानेही भागले नाही आणि तापमान आणखी चढले, तर यंत्र वीज तोडून स्वतःला बंद करते. घरात जास्त भार आला की मीटरजवळचा एमसीबी पडतो, तसेच हे. एमसीबी पडला म्हणून घर जळाले असे कुणी म्हणत नाही, उलट घर वाचले असे म्हणतो. तेव्हा संगणक तापून एकदा, दोनदा आपोआप बंद पडला, तर प्रोसेसर जळाला असे समजू नका. बहुतेक वेळा त्याने स्वतःला वाचवलेले असते. सिलिकॉन वितळायला तर 1414 अंश लागतात.

मग उष्णतेने काहीच बिघडत नाही का? बिघडते. पण ते वेगळ्या हिशेबाने बिघडते. नुकसान दोन प्रकारचे असते, हे हिशेब लिहिणाऱ्याला माहीत आहे. आग लागून माल गेला ते एक नुकसान. आणि यंत्र वापरून वापरून दरवर्षी थोडे झिजते तो घसारा. आजच्या प्रोसेसरच्या बाबतीत उष्णतेचे नुकसान बहुतांशी घसाऱ्याच्या खात्यात पडते. एका दिवसाची नोंद दिसतही नाही. वर्षांची बेरीज मात्र दिसते.

हा घसारा होतो कसा? खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि मुठेच्या पात्रातला गाळ, वाळू सरकते. एका पुरात नदी पात्र बदलत नाही, पण पुरामागून पूर आले की इथे खड्डा, तिथे उंचवटा होतो. प्रोसेसरच्या आतल्या तांब्याच्या अतिबारीक तारांतून वीज वाहते तेव्हा विजेचे कण धातूच्या अणूंना ढकलत राहतात. कुठे तार पोकळ होत जाते, कुठे धातू साचून शेजारच्या तारेला टेकू पाहतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याने 1960 च्या दशकात याचे गणित मांडले. तारेतला विजेचा प्रवाह जितका दाट आणि तापमान जितके जास्त, तितके तारेचे आयुष्य कमी. तापमान थोडे वाढले तरी आयुष्यातली घट मोठी असते. त्याच्या जोडीला ती बारीक बटणेही उष्णता आणि व्होल्टेजने हळूहळू म्हातारी होतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रोसेसरचा खरा मोठा वैरी व्होल्टेज आहे. उष्णता त्याला साथ देते. 2023 साली एएमडीच्या काही नव्या प्रोसेसरांना मदरबोर्डाकडून जास्त व्होल्टेज मिळाल्याने ते करपले, तेव्हा कंपनीने त्या व्होल्टेजवर 1.3 ची मर्यादा घातली. 2024 साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे कित्येक संगणक मध्येच कोसळू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि जास्त व्होल्टेज व उष्णता यांनी त्याच्या आतला एक भाग अकाली म्हातारा होत होता, असे निदान निघाले. कंपनीने सुधारणा दिली, पण आधीच झालेली इजा त्याने भरून येणार नव्हती. म्हणून हमीची मुदत तीन वर्षांची पाच केली. म्हणजे कायमची इजा होते हे खरे, पण ती झिजेने होते.

आता प्रोसेसरच्या शेजाऱ्यांकडे पाहू. आपल्या घरातले संगणक बहुधा या शेजाऱ्यांमुळे मरतात आणि नाव मात्र प्रोसेसरचे होते. मदरबोर्डावर लहान डब्यांसारखे कपॅसिटर उभे असतात. जुन्या बोर्डांवरच्या कपॅसिटरांच्या पोटात ओले रसायन असते आणि उष्णतेने ते सुकत जाते. कारागीर लोकांचा ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी उतरले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट आणि 10 अंशांनी चढले की निम्मे. समजा एखाद्या कपॅसिटरवर 105 अंशांना 2,000 तास असे लिहिले आहे. तो 65 अंशांवर राहिला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे 32,000 तास. रोज आठ तास धरले तर जवळजवळ अकरा वर्षे. तोच 75 अंशांवर राहिला तर 16,000 तास, म्हणजे साडेपाच वर्षे. दहा अंशांत निम्मे आयुष्य गेले. आणि हे दहा अंश नुसत्या धुळीनेही वाढतात.

दुसरा शेजारी म्हणजे डाग. प्रोसेसर आणि चिपा बोर्डाला ज्या सोल्डरने जोडलेल्या असतात, तो तापला की फुगतो, निवला की आकसतो. चिप आणि बोर्ड सारखे फुगत नाहीत, मग जोडावर ताण येतो आणि हजार वेळा ताण आला की तडा जातो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या खेळाच्या यंत्रात असेच तडे जाऊन यंत्रे बंद पडली. 2007 साली कंपनीला हमी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. तिसरा शेजारी लॅपटॉपची बॅटरी. सतत गरम राहिली की ती लवकर म्हातारी होते, कधी फुगते. फुगलेली बॅटरी वापरू नका, टोचू नका, लगेच काढून घ्या.

उष्णतेची चिंता फक्त आपल्यासारख्यांनाच आहे असे नाही. आपल्या पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभा राहिला. 2019 साली पाषाणला आयसर संस्थेत परम ब्रह्म बसवला. तो नुसत्या हवेवर भागत नाही, त्याच्या प्रोसेसरांची उष्णता नळ्यांतून फिरणारे पाणी काढून नेते. हवेपेक्षा पाणी उष्णता वीसपटीहून अधिक चांगली वाहून नेते. तिथून जवळच उष्णदेशीय हवामान संस्थेत 2018 साली प्रत्यूष आणि 2024 साली अर्का हे महासंगणक हवामानाच्या अंदाजासाठी आले. पुण्यात उद्या किती ऊन पडेल याचे गणित करणाऱ्या यंत्रालाच आधी थंड ठेवावे लागते. शनिवार पेठेतल्या पत्र्याखालच्या आमच्या यंत्राला मात्र आम्ही कधी फुंकरही मारली नव्हती.

आणि पत्र्याचा हिशेब साधा आहे. पंखा कितीही फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड होऊ शकत नाही. खोली 10 अंशांनी तापली की त्याच कामाला प्रोसेसरही सुमारे 10 अंशांनी जास्त तापतो. जानेवारीत 70 अंशांवर राहणारे यंत्र एप्रिलात 80 ओलांडते. सिमेंटच्या छताखाली जे चालून जाते ते पत्र्याखाली चालत नाही.

आता आमच्या यंत्राचे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या कारागिराने पहिला प्रश्न विचारला, "दादा, हा प्रोसेसर दुसऱ्या बोर्डात बसवून बघितला का कुणी?" कुणी बघितला नव्हता. त्याने बसवला. प्रोसेसर ठणठणीत चालला! मग त्याने जुन्या बोर्डाकडे बोट दाखवले. चार कपॅसिटर डोक्यावर फुगून वर आले होते, एकातून तपकिरी रस निघाला होता. हीट सिंकच्या पात्यांत चुन्याच्या धुळीचा नमदा बसला होता. पंखा बोटाने फिरवावा लागत होता. मलम तर खडूच्या भुकटीसारखा झाला होता. तो म्हणाला, "हे एका रात्रीचं काम नाही. हे वर्षानुवर्षांचं आहे. त्या रात्री नसता बंद पडला, तर पुढच्या आठवड्यात पडला असता." चार कपॅसिटर, पंखा, मलम आणि मजुरी मिळून साडेआठशे रुपये झाले. संगणक सुरू झाला.

म्हणजे उष्णतेने कायमचे नुकसान केले होते हे खरे. पण ते केले होते आमच्या दुर्लक्षाच्या वर्षांनी, आणि नाव आले एका रात्री काम करणाऱ्या मुलावर.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. वर्षातून दोनदा, एकदा होळीच्या सुमारास आणि एकदा दिवाळीआधी, यंत्र बंद करून, वायर भिंतीतून काढून, झाकण उघडा. मऊ कोरड्या ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने धूळ काढा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बिघडते. ओले फडके लावू नका. विजेच्या पुरवठ्याचा डबा घरी उघडू नका. दोन-तीन वर्षांनी जाणत्याकडून मलम बदलून घ्या. मटाराच्या दाण्याएवढा पुरतो, जास्त लावून फायदा नाही. पेटी भिंतीला चिकटवू नका. आपल्या घरच्या ताया हौसेने क्रोशाचे कव्हर घालतात, ते छानच दिसते, पण यंत्र चालू असताना काढून ठेवा. लॅपटॉप गादीवर, उशीवर, मांडीवरच्या चादरीवर ठेवू नका. खालची जाळी बंद होते, फळीवर ठेवा. तापला म्हणून बर्फ लावणे, फ्रीजमध्ये ठेवणे असले प्रकार करू नका, आत दव धरते आणि तेव्हा मात्र खरेच जळते.

तापमान किती आहे हे पाहता येते. कोअर टेम्पसारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. नुसते चालू असताना 35 ते 55, भर कामात 60 ते 85 अंश असले तर काळजी नको. लॅपटॉप थोडे आणखी तापतात. कायम 95 च्या वर राहत असेल तर साफसफाईची वेळ झाली असे समजा.

आणि दुकानात "प्रोसेसर गेला" असे ऐकलेत, तर तीन गोष्टी मागा. आमच्यासमोर दुसऱ्या बोर्डात बसवून दाखवा. काढलेला जुना भाग आम्हाला परत द्या. लेखी बिल द्या. प्रामाणिक कारागिराला यात राग येण्यासारखे काही नाही. आणि घरात कुणा पोरावर "तूच बिघडवलास" असे म्हणण्याआधी झाकण उघडून बघा.

फाडलेली पावती खोडता येत नाही, हा हिशेबाचा नियम. म्हणून आम्ही खर्चाच्या बाजूला "रक्कम परत, रुपये 500, चुकीने घेतली" अशी नोंद केली, आणि पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो. आईने सही केली. मुलगा आतल्या अंगाला उभा होता. आम्ही म्हणालो, "बाळा, चूक आमची होती. उद्यापासून ये." तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सहा वाजता येऊन बसला. आता दिवाळीआधीचे झाकण तोच उघडणार आहे.